आयएनएस जलाश्व: वास्को-मुरगावात हमखास विचारले जाणारे प्रश्न

नौदल दिन जवळ आला, किंवा मुरगावच्या धक्क्याला एखादं राखाडी रंगाचं जहाज लागलं, की शाळांमधून, वाचनालयांमधून आणि निवृत्त तारवट्यांच्या (दर्यावर्दी खलाशांच्या) कट्ट्यावरून ठरावीक प्रश्न येतात. त्यातले बरेचसे 'जलाश्व'भोवती फिरतात. उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत.

जलाश्व म्हणजे नक्की काय? विमानवाहू नौका का?

नाही. वरून सपाट हेलिकॉप्टर डेक दिसतो म्हणून गोंधळ होतो. जलाश्व ही 'लँडिंग प्लॅटफॉर्म डॉक' जातीची, म्हणजे एलपीडी. सैनिक, रणगाडे, ट्रक आणि त्यांना किनाऱ्यावर पोचवणाऱ्या लहान बोटी हे सगळं पोटात घेऊन जाणारी नौका. मागच्या भागात पाणी आत घेता येईल अशी एक गोदीच बांधलेली असते. तिला वेल डेक म्हणतात.

लांबी सुमारे १७३ मीटर. फातोर्ड्याचं फुटबॉल मैदान साधारण १०५ मीटर धरलं, तर दीडपटीहून जास्त. पूर्ण भरल्यावर वजन १७,००० टनांच्या आसपास. पेनंट क्रमांक, म्हणजे जहाजाच्या अंगावर रंगवलेला ओळख क्रमांक, एल ४१. आपल्या नौदलात विमानवाहू नौका सोडल्या तर आकाराने हिचा नंबर अगदी वरचा लागतो.

नावाचा अर्थ?

जल आणि अश्व, म्हणजे पाणघोडा. जमिनीवर जड, पाण्यात निवांत आणि अर्धं अंग बुडवून उभा राहणारा प्राणी. नाव ठेवणाऱ्याने जहाज पाहून ठेवलं असणार, कारण कामाच्या वेळी जलाश्वही मागचं अंग असंच पाण्यात बुडवते.

ती अमेरिकेची जुनी नौका होती हे खरं का?

खरं. तिचं पहिलं नाव 'यूएसएस ट्रेंटन', ऑस्टिन वर्गातली, क्रमांक एलपीडी-१४. बांधणी सिएटलच्या लॉकहीड गोदीत. ऑगस्ट १९६८ मध्ये पाण्यात उतरली आणि ६ मार्च १९७१ ला अमेरिकन नौदलात दाखल झाली. १७ जानेवारी २००७ ला ती भारताकडे सुपूर्द झाली, २२ जून २००७ ला नॉरफोक इथे 'आयएनएस जलाश्व' म्हणून तिच्यावर तिरंगा चढला आणि पुढे ती विशाखापट्टणमला आली.

आपल्या हातात आली तेव्हा तिचं वय छत्तीस होतं. हे ध्यानात ठेवलं की पुढची बरीच उत्तरं आपोआप समजतात.

अमेरिकेच्या ताफ्यात असताना तिने काय केलं?

तीन प्रसंग सांगण्यासारखे आहेत.

१८ एप्रिल १९८८ ला इराणच्या आखातात 'ऑपरेशन प्रेइंग मँटिस' झालं, अमेरिकी नौदलाची इराणविरुद्धची कारवाई. त्यात ट्रेंटन ही 'मेरिल' आणि 'लिंड मॅककॉर्मिक' या विनाशिकांबरोबर होती. सासान या तेलफलाटावर तोफा चालल्या, मग ट्रेंटनवरचे मरीन त्या फलाटावर उतरले आणि स्फोटकं लावून तो उडवला.

जानेवारी १९९१. सोमालियाची राजधानी मोगादिशू पेटलेली आणि अमेरिकी दूतावास वेढ्यात. जहाज पोचायची वाट न पाहता ५ जानेवारीच्या पहाटे ट्रेंटनवरून सीएच-५३ई जातीची दोन हेलिकॉप्टरं उडाली. अंतर ४६६ सागरी मैल. वाटेत रात्रीच्या अंधारात विमानातून हवेतच इंधन भरून घेतलं आणि साठ जणांची तुकडी दूतावासाच्या आवारात उतरवली. परत येताना ६१ माणसं आणली. जहाज जवळ आल्यावर बाकीच्यांना 'ग्वाम' या सोबतच्या नौकेवरून काढलं, एकूण २८१. मुरगावहून मालदीवची राजधानी माले सुमारे ६७० सागरी मैलांवर आहे. त्याच्या दोन-तृतीयांश अंतर हेलिकॉप्टरने, रात्री, समुद्रावरून कापायचं, असा हिशेब धरा.

तिसरा प्रसंग जुलै २००६ चा, बैरूतचा. लेबननमधल्या युद्धातून ट्रेंटनने पावणेदोन हजारांच्या आसपास अमेरिकी नागरिक सायप्रसला नेले. गंमत अशी की त्याच महिन्यात, त्याच बंदरातून आपलं नौदलही 'ऑपरेशन सुकून'मध्ये लोक काढत होतं. मुंबई, ब्रह्मपुत्र, बेतवा आणि शक्ती या चार नौकांनी २,२८० माणसं बाहेर आणली, त्यांत १,७६४ भारतीय. विनाशिका आणि फ्रिगेट ही लढायची जहाजं. त्यांच्यावर कुटुंबंच्या कुटुंबं बसवायची म्हणजे गँगवेत आणि उघड्या डेकवर बसवायची. मोठं पोट असलेलं जहाज हवं, ही जाणीव २००४ च्या त्सुनामीतच झाली होती.

इतकं जुनं जहाज घेतलंच कशाला? महाग पडलं का?

जहाजाची किंमत ४.८४ कोटी डॉलर. सोबतची सहा यूएच-३एच हेलिकॉप्टरं वेगळ्या करारात, सुमारे ३.९ कोटी डॉलरना. नवीन एलपीडी बांधून घ्यायची तर कैक पटींनी जास्त पैसे आणि बरीच वर्षं लागली असती.

टीका झाली आणि तीही रस्त्यावरची नव्हे. महालेखापालांनी (कॅग) अहवालात लिहिलं की जहाजाची प्रत्यक्ष अवस्था पुरेशी न तपासताच खरेदी झाली. आक्रमक कामगिरीसाठी वापरण्यावर बंधन आणि देणाऱ्या देशाला तपासणीची मुभा, या अटींवरही बोट ठेवलं. आमच्या मते दोन्ही बाजू खऱ्या आहेत. आयत्या वेळी स्वस्तात मिळालेल्या वस्तूला दुरुस्तीचा खर्च चुकत नाही. पण ज्या नौदलाने एलपीडी कधी चालवलीच नव्हती, त्याला ते तंत्र हातात धरून शिकायला हीच एक शाळा मिळाली.

वेल डेक चालतो कसा?

हा प्रश्न मुलं सगळ्यात आधी विचारतात आणि बरोबरच विचारतात.

आधी रायबंदर-चोडणची फेरीबोट डोळ्यांसमोर आणा. तळ सपाट, डेक मोकळा, तोंडाशी रॅम्प. रॅम्प उतारावर टेकला की स्कूटर, गाड्या, माणसं खाली. जलाश्वच्या पोटातल्या एलसीएम-८ बोटी म्हणजे याच फेरीबोटीची दणकट लष्करी भावंडं. प्रत्येकीची लांबी साडेबावीस मीटर, रुंदी ६.४ मीटर, वजन वाहायची ताकद सुमारे ५४ टन. टी-७२ रणगाडा साडेएक्केचाळीस टनांचा, म्हणजे एका खेपेला एकच. वेल डेक १५ मीटर रुंद. दोन बोटी शेजारी ठेवल्या तर १२.८ मीटर जातात आणि उरलेले दोन-सव्वादोन मीटर तिघांत वाटून येतात: मध्ये एक फट आणि दोन्ही भिंतींशी एकेक. अशा दोन रांगा, म्हणून चार बोटी.

आता क्रम. जहाज वेग उतरवून अगदी हळू चालतं किंवा नांगरावर उभं राहतं. बॅलास्ट टाक्यांत, म्हणजे जहाज जड-हलकं करायच्या टाक्यांत, समुद्राचं पाणी घ्यायला सुरुवात होते. हजारो टन पाणी आत आलं की मागची बाजू खाली बसते. मागचा दरवाजा उघडतो आणि समुद्र आत शिरतो. आत बांधलेल्या बोटी हळूहळू तरंगायला लागतात. मग एकेक बोट बाहेर पडते. काम झाल्यावर टाक्यांतलं पाणी बाहेर काढायचं, जहाज वर येतं आणि वेल डेक पुन्हा कोरडा.

ऐकायला सोपं वाटतं. बिघडतं ते असं:

टाक्या अर्धवट भरलेल्या असताना आतलं पाणी सैरभैर हलतं आणि जहाजाचा तोल कमी करतं. अर्धी भरलेली बादली घेऊन चालताना हात कसा ओढला जातो, तेच इथे होतं. म्हणून टाक्या ठरलेल्या क्रमाने, एकावेळी थोड्याच, आणि शेवटपर्यंत भरतात.

मागून मोठी लाट येत असेल तर ती वेल डेकमध्ये शिरून पुढच्या भिंतीवर आदळते आणि परत फिरते. आतल्या पाण्याला झोका बसतो आणि बोट भिंतीला घासते. भिंतींना जाड लाकडी फळ्या ठोकलेल्या असतात त्या यासाठीच. लाट कुठून येते ते पाहून जहाजाचं तोंड ठरवणं हे कप्तानाचं अर्धं काम.

आणि तिसरी, सगळ्यात घरगुती चूक म्हणजे भरायचा क्रम. जे आधी उतरवायचं ते शेवटी भरायचं. किनाऱ्यावर पहिल्यांदा बुलडोझर हवा असताना तो पाच ट्रकांच्या मागे अडकला असेल, तर भर समुद्रात ट्रक सरकवत बसायचं कोणी? साखळ्या ताणून बांधलेल्या नसतील तर लाटेत गाडी सरकते, आणि एक सरकली की शेजारचीही सरकते.

सरळ जहाजच किनाऱ्याला का नाही लावत?

लावतात, पण ती जात वेगळी. एलएसटी, म्हणजे 'लँडिंग शिप टँक'. तिच्या नाळेत, म्हणजे पुढच्या टोकाला, दरवाजा असतो, पुढचा भाग उथळ असतो. किनाऱ्याकडे जाताना ती मागे नांगर सोडते आणि वाळूवर टेकते. काम झालं की तोच नांगर ओढून स्वतःला मागे खेचते. नांगर सोडायला उशीर झाला किंवा तो वाळूत नीट धरला नाही, तर ओहोटीत जहाज तिथेच बसतं आणि लाट त्याला आडवं करते.

आपल्याकडे या जातीच्या 'शार्दुल', 'केसरी' आणि 'ऐरावत' आहेत, कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीत बांधलेल्या. शार्दुल तर आपल्या शेजारी कारवारला ४ जानेवारी २००७ ला दाखल झाली. ११ रणगाडे, १० ट्रक आणि ५०० सैनिक घेऊन जाते. 'मगर' आणि 'घडियाल' याआधीच्या पिढीच्या. त्यांपैकी मगर ६ मे २०२३ ला कोचीत निवृत्त झाली. स्वतंत्र भारताची पहिली मगर मात्र आणखी जुनी: ब्रिटिशांची 'एचएमएस अ‍ॅव्हेंजर', १९४९ मध्ये घेतलेली.

गोव्याच्या किनाऱ्यावर असं जहाज टेकू शकेल का?

हंगामावर आहे. भरती-ओहोटीचा फरक आपल्याकडे उधाणालाही साधारण दोन मीटर, भांगाला (अष्टमीच्या आसपासच्या छोट्या भरतीला) त्याहून बराच कमी. म्हणजे टेकलेलं जहाज पुन्हा तरंगायला पाणी वाढेल ते बेताचंच. पावसाळ्यात लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून नेतात आणि पुढे समुद्रात तिचा बांध तयार होतो. गणपतीनंतर ती वाळू हळूहळू परत येते. हा बांध फार फसवा. बांधावर कमरेइतकं पाणी आणि त्याच्या अलीकडे, किनाऱ्याच्या बाजूला, डोक्यावर. मांडवीच्या तोंडाशी आग्वादजवळ असाच वाळूचा दांडा पावसाळ्यात वाट अडवतो. खनिजाच्या बार्जेस म्हणूनच त्या दिवसांत कुंभारजुव्याच्या कालव्यातून मुरगावला जात.

याची किंमत काय असते ते डिसेंबर १९७१ च्या युद्धात बांगलादेशच्या कॉक्स बाजारला दिसलं. 'ऑपरेशन बीव्हर'मध्ये लँडिंग जहाजं किनाऱ्याकडे गेली ती वाळूच्या बांधावर टेकली. रॅम्प पडला, समोर उथळ दिसत होतं, पण बांधाच्या पलीकडे खोल घळ होती. पाठीवर ओझं घेतलेले गोरखा जवान त्यात उतरले आणि त्यांतल्या काहींना जलसमाधी मिळाली. किनाऱ्याची मोजणी आधी नीट झाली नव्हती. आज पाणबुडे आधी जाऊन खोली, वाळूचा घट्टपणा आणि उतार मोजल्याशिवाय कोणी रॅम्प टाकत नाही.

जलाश्वला हा त्रासच नाही. ती किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यात उभी राहते आणि टेकायचं काम बोटींवर सोपवते. वाळूत अडकलीच तर साडेबावीस मीटरची बोट अडकेल, १७,००० टन नव्हे.

१९६१ ला गोवा मुक्तीच्या वेळी असं जहाज होतं का?

जलाश्व तेव्हा कागदावरही नव्हती. गोव्याच्या हद्दीतल्या अंजदीव बेटावर १८ डिसेंबर १९६१ ला 'मैसूर' आणि 'त्रिशूल' या नौकांवरचे नौसैनिक उतरले ते जहाजांच्या साध्या बोटींतून. उघडी बोट, समोर किनारा आणि वरून गोळीबार. सात नौसैनिक तिथे कामी आले. दुसऱ्या दिवशी बेट हाती आलं. त्या सात जणांचं स्मारक गोव्यातल्या आयएनएस गोमंतक या नौदल तळावर आहे. लँडिंग क्राफ्टला उंच पोलादी भिंती का असतात, याचं उत्तर अंजदीवच्या किनाऱ्यावर मिळतं.

वाफेवर चालते म्हणतात, २१ व्या शतकात?

हो. दोन बॉयलर, दोन स्टीम टर्बाइन, दोन पंखे, २४,००० अश्वशक्ती. वेग सुमारे २० नॉट. त्या वेगाने ७,७०० सागरी मैल जाते, म्हणजे न थांबता सोळा दिवस.

बॉयलरमधला दाब चौरस सेंटीमीटरला सुमारे ४२ किलो. घरच्या कुकरची शिट्टी एक किलोच्या आसपास वाजते. थंड बॉयलर पेटवून 'चला निघू' असं होत नाही. नळ्या एकदम तापल्या तर फुगतात, वाकतात, सांध्यांत चिरतात. म्हणून तास न् तास हळूहळू तापवायचं.

वाफेच्या जहाजाचा खरा शत्रू म्हणजे मीठ. टर्बाइनमधून आलेली वाफ कंडेन्सरमध्ये समुद्राच्या पाण्याने थंड करून पुन्हा पाणी बनवतात आणि तेच बॉयलरला पाजतात. कंडेन्सरच्या शेकडो नळ्यांपैकी एकीला सुईएवढं छिद्र पडलं तरी खारं पाणी आत मिसळतं आणि बॉयलर आतून सडायला लागतो. म्हणून पहाऱ्यावरचा माणूस ठरावीक वेळाने पाण्याचा नमुना घेऊन क्षार तपासतो. आकडा चढला की ती बाजू बंद करून गळकी नळी शोधायची आणि दोन्ही टोकांना बुच मारून मोकळं व्हायचं. वरकरणी कंटाळवाणं काम, पण जहाजाचं आयुष्य त्यावरच टिकून असतं.

सुटे भाग हा दुसरा ताप. ऑस्टिन वर्गातलं अमेरिकेचं शेवटचं जहाज 'पॉन्स' २०१७ मध्ये निवृत्त झालं. आता मूळ मालकाच्या गोदामात मागायला जायची सोय राहिली नाही.

२००८ च्या अपघातात काय झालं होतं?

फेब्रुवारी २००८ च्या सुरुवातीला जहाजावर विषारी वायूची गळती होऊन काही नौसैनिक दगावले. संशय हायड्रोजन सल्फाइडवर होता. सांडपाणी, मैला किंवा कुजणारी कुठलीही वस्तू बंद जागेत राहिली की हा वायू तयार होतो.

तो हवेपेक्षा जड, त्यामुळे तळाशी साचतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. दहा लाखांत शंभरच्या वर गेला की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. 'आता वास गेला, चला' असं वाटतं तीच मरणाची वेळ. अशा अपघातांत बळी बऱ्याचदा वाचवायला गेलेल्यांचे जातात. एक पडला म्हणून दुसरा धावतो.

नियम साधे आहेत. झाकण उघडून आधी पंख्याने हवा खेळवायची. मीटर दोरीने खाली सोडून वर, मध्ये आणि तळाशी मोजायचं. आत जाणाऱ्याच्या अंगात पट्टा आणि दोरी, बाहेर एक माणूस फक्त त्याच्यावर लक्ष ठेवायला. हवेचं नळकांडं पाठीवर नसेल तर कोणीही, अगदी कोणीही, मागे उतरायचं नाही. हे आम्ही मुद्दाम लांबवून लिहितोय, कारण मालीम, खारेवाडो आणि कुटबणच्या ट्रॉलरवर मासळीच्या कप्प्यातही हाच वायू साचतो. तिथे मीटर नसेल तर बर्फ संपलेल्या, दोन-चार दिवस बंद राहिलेल्या कप्प्यात उतरूच नका.

भारतात आल्यावर तिने सर्वात जास्त काय वाहिलं?

माणसं. २०११ मध्ये लिबियातल्या भारतीयांना आणायला 'मैसूर'बरोबर तिलाही धाडलं होतं, तरी तेव्हा बहुतेक लोक विमानांनी आणि भाड्याच्या प्रवासी जहाजांनी परतले.

तिचं नाव घरोघरी झालं ते मे २०२० मध्ये. कोविडमुळे परदेशात अडकलेल्यांना आणायच्या 'समुद्र सेतू' मोहिमेत ८ मेच्या रात्री ती मालेहून निघाली आणि १० तारखेला सकाळी कोचीला लागली: ६९८ प्रवासी, ५९५ पुरुष, १०३ स्त्रिया, त्यांत १९ गरोदर. एरवी हजाराच्या घरात सैनिक नेणाऱ्या जहाजावर सातशेच का, असं लोक विचारतात. अंतर राखायचं होतं, आजारी पडला तर वेगळं ठेवायला जागा हवी होती आणि खलाशांचा भाग प्रवाशांपासून तोडायचा होता. आठवड्याने तिने मालेहून आणखी ५८८ जण आणले, पुढे कोलंबो आणि इराणच्या बंदर अब्बासलाही गेली. जलाश्व, ऐरावत, शार्दुल आणि मगर, या चौघींनी मिळून ८ जुलैपर्यंत ३,९९२ भारतीय घरी पोचवले. चारही नावं लँडिंग जहाजांची आहेत, हे लक्षात आलं का? दुसऱ्या वर्षी ऑक्सिजनच्या टाक्या आणायलाही हीच जात कामी आली.

आपले गोंयकार तारवटी यातून आले का? बहुतेक नाही. ते क्रूझ जहाजांवर होते, त्यांचा मार्ग मुंबई बंदर आणि विमानांचा.

युद्धसरावही होतात ना?

होतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये विशाखापट्टणम आणि काकीनाडाला 'टायगर ट्रायम्फ' झाला, अमेरिकेबरोबरचा तिन्ही दलांचा पहिला असा सराव. तिथे जलाश्व आणि अमेरिकेची 'जर्मनटाउन' सोबत होत्या. सहा यूएच-३एच हेलिकॉप्टरं मात्र आता नाहीत. त्यांचा ताफा २४ मार्च २००९ ला विशाखापट्टणमच्या आयएनएस देगा या नौदल हवाई तळावर उभा राहिला आणि २८ जून २०२४ ला निवृत्त झाला.

निवतीला बुडवायचं ठरलंय ते जहाज हेच का?

नाही, ते 'गुलदार'. पोलंडमध्ये बांधलेलं, बरंच लहान लँडिंग जहाज. 'चीता' आणि 'कुंभीर' या भावंडांबरोबर १२ जानेवारी २०२४ ला पोर्ट ब्लेअरला निवृत्त झालं. कॉक्स बाजारला गेलेली गुलदार आणखी आधीची, नाव तेच.

सिंधुदुर्गात निवतीजवळ पाण्याखालचं संग्रहालय करायचा प्रकल्प आहे. जहाज असं ठेवण्याआधी तेल, ग्रीस, वायरी, जुनी इन्सुलेशन काढून सांगाडा धुवावा लागतो. दारं काढून टाकतात किंवा वेल्डिंग करून कायमची उघडी ठेवतात, आणि पाणबुड्याला कुठल्याही खोलीतून बाहेरचा उजेड दिसेल अशी भोकं पाडतात. तीच भोकं पाणी सगळीकडून सारखं आत घेतात, नाहीतर जहाज कुशीवर पडतं.

मुरगावला लँडिंग जहाज आलं तर बघता येतं का?

नौदल ठरावीक दिवशी जहाजं लोकांसाठी उघडी ठेवतं, बहुधा ४ डिसेंबरच्या नौदल दिनाच्या आसपास. तारीख वर्तमानपत्रात येते. सरकारी ओळखपत्र जवळ ठेवा, मोठ्या बॅगा घरीच. शिड्या जवळपास उभ्या असतात. उतरताना तोंड शिडीकडे करायचं आणि एक हात कठड्यावर. चपला नकोत, मागून बंद असलेले बूट घाला. टँक डेकवर जागोजागी साखळ्या अडकवायच्या कड्या जमिनीत असतात आणि वर बघत चालणारा त्यांना अडखळतोच.